‘ब्रिटिश मूल्यं’ नेमकी कुणाची? लेकीच्या शाळेतल्या फलकावरून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त पुण्याहून रेडिंगला आलात, मुलगी इयर फाइव्हमध्ये आहे. शाळेत शिरताच समोर ‘ब्रिटिश व्हॅल्यूज’चा फलक दिसतो: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्परांविषयी आदर आणि वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या मतांच्या लोकांविषयी सहिष्णुता. लेक परवा घरी येऊन म्हणाली, “मी ब्रिटिश आहे.” टिळकांना 1908 साली राजद्रोहाखाली सहा वर्षं मंडालेला धाडणाऱ्यांनी व्यक्तिस्वातंत्र्य स्वतःच्या नावावर करून घ्यावं, याचा तुम्हाला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली ती पोर हातची जाते की काय याची. आणि डिसेंबरमधल्या ख्रिस्तजन्माच्या नाटकात तिला मेंढपाळाचं काम मिळालंय, तर पाठवावं का, असंही विचारलंत.

मी लेस्टरमधल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि सिटिझनशिप शिकवते. माझं बालपण कोल्हापुरात गेलं, नोकरीची बहुतेक वर्षं इथे. हा फलक आमच्याही शाळेत आहे आणि त्यावरून वर्गात दरवर्षी खडाजंगी होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच सांगते, काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. दोन वर्षांनी परतणार आहात की इथेच राहणार? शाळा कौन्सिलची (म्हणजे स्थानिक पालिकेची) आहे की चर्चची? मुलीला कुणी रंगावरून काही बोललंय का? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय हा फलक इंग्लंडमधल्या शाळांचा. उद्या एडिनबराला बदली झाली तर तिथला अभ्यासक्रम आणि तपासणी दोन्ही वेगळं.

आता हा फलक आला कुठून? ही यादी शिक्षणखात्यात जन्मलेली नाही. 2011 साली दहशतवादाला आळा घालण्यासाठी सरकारनं ‘प्रिव्हेंट’ धोरण नव्यानं मांडलं, त्यात कट्टरता म्हणजे काय हे सांगताना ही मूल्यं लिहिली गेली. मग 2014 मध्ये बर्मिंगहॅमचं ‘ट्रोजन हॉर्स’ प्रकरण गाजलं. काही शाळा कट्टर मुस्लिम गट ताब्यात घेताहेत, असा आरोप करणारं एक निनावी पत्र फुटलं होतं. ते पत्र बनावट असल्याचं बहुतेकांचं मत, पण तोवर देशभर धुरळा उडाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिक्षणखात्यानं शाळांना लेखी सूचना दिल्या की या मूल्यांचा ‘सक्रिय प्रसार’ करा. शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेचे इन्स्पेक्टर तेव्हापासून ते तपासतात. फलक दारातच का असतो, याचं उत्तर त्यात आलं.

म्हणजे ही यादी संशयातून लिहिली गेली, आणि मुलांना ते बरोबर कळतं. आमच्याकडे इयर नाइनमध्ये हा विषय काढला की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, “मिस, हे आमच्यासाठी लिहिलंय ना?” विचारणारा बहुधा मुस्लिम असतो. मी ‘नाही’ म्हणून वेळ मारून नेत नाही. यादी कशी तयार झाली ते सगळं सांगते आणि मग विचारते, “बरं, यातली कुठली ओळ तुला खोडायचीय?” आजवर कुणी ओळ खोडलेली नाही. भांडण होतं ते ‘ब्रिटिश’ या विशेषणावर. तुमचंही तेच आहे.

त्या विशेषणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ही मूल्यं ब्रिटनमध्ये उगवली आणि इथून जगात गेली, असं कुणी शिकवत असेल तर तो इतिहास नव्हे. इथेही ती सुखासुखी मिळालेली नाहीत. कॅथलिकांना पार्लमेंटात बसायला 1829 उजाडावं लागलं, ज्यू खासदाराला 1858. स्त्रियांना 1918 मध्ये मत मिळालं ते तिशीच्या वरच्या काहींना, पुरुषांच्या बरोबरीनं मिळालं 1928 मध्ये. प्रत्येक वेळी बाहेर ठेवलेल्यांनी दार ठोठावलं, आतल्यांनी शक्य तितकं अडवून धरलं. त्या ठोठावणाऱ्यांत आपलेही होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी 1892 साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, तेही अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. त्याआधी चार वर्षं खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी जाहीर सभेत म्हणाले होते की इंग्रज मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देणार नाही. आणि टिळकांचं म्हणाल, तर मंडालेहून सुटल्यावर तेच टिळक व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर बदनामीचा दावा लढवायला लंडनला आले. 1919 मध्ये तो दावा ते हरले आणि खर्चात बुडाले. इथल्या कोर्टाकडून न्याय मिळेल असं त्यांना मनापासून वाटलं होतं की ती राजकीय खेळी होती, यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. मला त्यात दिसतं ते असं, की ज्या राज्याशी लढायचं त्याच राज्याला त्याच्याच शब्दांवर धरायचं, ही रीत टिळकांना आणि दादाभाईंना पक्की ठाऊक होती. लेकीला मंडाले सांगा, चिरोल केसही सांगा. शाळेतला फलक त्यानं फाटत नाही.

मग या मूल्यांत ब्रिटिश काही आहे की नाही? माझ्या मते आहे, पण ते दिसतं ती मूल्यं एकमेकांना आडवी जातात तेव्हा. धर्मस्वातंत्र्य एकीकडे, शाळेचा नियम दुसरीकडे, अशी वेळ आली की इथे काय करतात? हे शिकवायला मी दोन खटले घेते. निकाल सांगत नाही, आधी वर्गालाच न्यायाधीश करते.

पहिला खटला वेल्समधल्या अ‍ॅबरडेरचा. मुलींची सरकारी शाळा, दागिने चालणार नाहीत असा नियम, सूट फक्त मनगटी घड्याळाला आणि साध्या छोट्या कानातल्यांना. एक शीख विद्यार्थिनी हातात बारीक पोलादी कडं घालून यायची. शाळा म्हणाली काढ, ती नाही म्हणाली. दुसरा खटला ल्यूटनचा. शाळेत बहुसंख्य मुलं मुस्लिम, मुख्याध्यापिका स्वतः बंगाली मुस्लिम घरातल्या. गणवेशात सलवार-कमीज आणि हिजाबची सोय, तीही स्थानिक मशिदींशी बोलून केलेली. एका विद्यार्थिनीला मात्र पायघोळ जिलबाबच हवा होता. शाळेनं परवानगी दिली नाही.

वर्ग जवळपास एकमतानं सांगतो: दोघींना परवानगी द्या, नाहीतर दोघींना नको. ‘सगळ्यांना सारखं’ हा मुलांचा आवडता न्याय. प्रत्यक्षात कोर्टानं 2008 मध्ये कड्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि जिलबाबचा खटला खालच्या कोर्टात हरून, अपील कोर्टात जिंकून, शेवटी 2006 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विद्यार्थिनीच्या विरोधात गेला. मुलं चिडतात. हा पक्षपात नाही का? मग निकालांमधली कारणं वाचतो. कड्याच्या प्रकरणात शाळेनं ती वस्तू त्या मुलीसाठी काय आहे याचा पुरेसा विचारच केला नव्हता, आणि कडं पातळ, सहज झाकलं जाणारं. ल्यूटनच्या शाळेनं सल्लामसलत करून वाट आधीच काढून ठेवली होती, शिवाय जिलबाब चालणाऱ्या दुसऱ्या शाळा जवळपास होत्या. तास संपतो तेव्हाही निम्मा वर्ग ल्यूटनच्या निकालावर नाराजच असतो. मला ते चालतं. फ्रान्सनं 2004 मध्ये कायदा करून सरकारी शाळांतून ठळक धार्मिक चिन्हं सरसकट काढून टाकली. इथे तसा एक नियम नाही. इथे शाळा ठरवते, पालक भांडतात, शाळेचे गव्हर्नर (म्हणजे कारभार पाहणाऱ्या मंडळाचे सदस्य) बैठक घेतात, फारच झालं तर कोर्ट. गोंधळाची आणि वेळखाऊ पद्धत आहे, पण यातल्या प्रत्येक पायरीवर तुम्हाला उभं राहून बोलता येतं.

यातलं आपल्या जवळचं उदाहरण हवं तर लंडनचं आंबेडकर हाउस बघा. प्रिमरोझ हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोड. डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये शिकत असताना तिथे राहिले. 2015 साली महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं, त्याच वर्षी पंतप्रधान मोदींच्या हस्ते उद्घाटनही झालं. आणि नंतर लक्षात आलं की राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली. राहत्या घरांची जागा कमी होते म्हणून कौन्सिलनं परवानगी नाकारली. 2019 मध्ये जाहीर चौकशी झाली, दोन्ही बाजूंचे वकील बोलले, आणि मार्च 2020 मध्ये मंत्र्यांनी अपील मंजूर केलं. तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘बाबासाहेबांचा अपमान’ अशी ओरड चालली होती. मला मात्र त्यात वेगळंच दिसलं: एका देशाच्या पंतप्रधानानं फीत कापलेली असली तरी गल्लीतल्या माणसाचा आक्षेप ऐकावाच लागतो, आणि अखेर स्मारकही होतं. ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या त्या विद्यार्थ्याला ही प्रक्रिया खटकली असती असं वाटत नाही.

सगळं असं गोड चालतं असं मात्र समजू नका. आमच्या लेस्टरचंच सांगते. 1972 मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टर कौन्सिलनं तिथल्या ‘युगांडा आर्गस’ वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की तुमच्याच हितासाठी आमच्या शहरात येऊ नका. लोक आलेच. आज बेलग्रेव्ह रोडच्या दिवाळीचं कौतुक तेच कौन्सिल करतं. 2021 च्या जनगणनेत शहरातले आशियाई 43.4 टक्के, गोरे 40.9 टक्के. दशकानुदशकं लेस्टरकडे सहजीवनाचा नमुना म्हणून बोट दाखवलं जायचं. आणि मग ऑगस्ट 2022 मध्ये आशिया कपमधल्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर हिंदू आणि मुस्लिम तरुण रस्त्यावर समोरासमोर आले, तीन आठवडे ताण राहिला. त्या काळात एका मुस्लिम मुलीच्या अपहरणाच्या प्रयत्नाची अफवा मोबाइलवरून पसरली, ती खोटी असल्याचं पोलिसांना जाहीर करावं लागलं. सोमवारी वर्गात मुलं वेगवेगळ्या बाजूंना बसली होती. भिंतीवर फलक होताच. त्या आठवड्यात त्याचा उपयोग शून्य झाला. उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा: कुणी काय फॉरवर्ड केलं, ते मुळात कुठून आलं, ज्यानं पाठवलं तो लेस्टरला कधी आला तरी होता का. दोन तास फक्त एवढंच केलं.

याच यादीतलं ‘कायद्याचं राज्य’ सरकारनंही मोडलंय. 2018 मध्ये उघड झालेलं विंडरश प्रकरण: कॅरिबियनमधून कायदेशीर आलेल्या, इथेच म्हातारे झालेल्या माणसांना कागद नाहीत म्हणून नोकऱ्यांतून, उपचारांतून काढलं, काहींना देशाबाहेर धाडलं. आणि ऑगस्ट 2024 च्या दंगलीत मशिदींवर आणि आश्रय मागणाऱ्यांच्या हॉटेलांवर हल्ले झाले, तेव्हा आमच्याकडे आठवडाभर बायका एकट्या बाहेर पडत नव्हत्या. लेकीला हे आता सांगायची गरज नाही. चौदा-पंधराव्या वर्षी सांगा, नाहीतर ती दुसऱ्या कुणाकडून ऐकेल.

आता ‘मी ब्रिटिश आहे’ या वाक्याकडे येते. दहा वर्षांच्या मुलीनं हे म्हणणं म्हणजे बहुतेक वेळा ‘मी या वर्गातली आहे’ एवढंच असतं. मोठ्यांची उत्तरंही तशीच लवचीक असतात. इंग्लंड आणि वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत स्वतःला फक्त ‘ब्रिटिश’ म्हणवणारे 19.1 टक्के होते, 2021 मध्ये ते एकदम 54.8 टक्के झाले. दहा वर्षांत देशाचं मन पालटलं? छे. इंग्लंडच्या फॉर्मवर ‘ब्रिटिश’ हा पर्याय आधी खाली होता, तो 2021 मध्ये पहिला छापला, आणि बऱ्याच जणांनी पहिल्याच चौकोनात टिक केली. जनगणनेतला हा प्रश्न पासपोर्टचा नसतोच. तुम्ही स्वतःला काय म्हणता, एवढंच विचारतात, आणि एकापेक्षा जास्त उत्तरं चालतात. तुमची मुलगी भारतीय पासपोर्टवर राहूनही तिथे ‘ब्रिटिश’ लिहू शकते, आणि शेजारचा चौकोन भरून ‘भारतीय’सुद्धा.

‘ब्रिटिश’ हा शब्द आपल्यासारख्यांना ‘इंग्लिश’पेक्षा सोपा जातो, हेही खरं. स्कॉट, वेल्श, इंग्लिश यांना एका छपराखाली आणायला तो वापरात आला, म्हणून त्यात जागा जरा जास्त. माझे विद्यार्थी बिनदिक्कत ‘ब्रिटिश गुजराती’, ‘ब्रिटिश सोमाली’ म्हणतात, ‘इंग्लिश’ म्हणताना अडखळतात. हुजूर पक्षाचे नॉर्मन टेबिट 1990 मध्ये म्हणाले होते की स्थलांतरित क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूनं ओरडतात त्यावरून निष्ठा ओळखावी. आज आमच्या स्टाफरूममध्ये त्या कसोटीला कुणी उतरणार नाही, आमचा स्कॉटिश पीटी मास्तर तर मुळीच नाही.

आणि एक गंमत लक्षात आणून देते. दोनपैकी एकच निवडा, असं ब्रिटन म्हणत नाही. ते म्हणतो भारत. ब्रिटिश नागरिकत्व घेतलंत की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, हातात उरतं परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड. ‘आपण नक्की कोण?’ हा प्रश्न तुम्हाला शाळेच्या फलकापाशी पडलाय, पण कागदोपत्री तो कधी सोडवावा लागलाच तर आपल्या कायद्यामुळे. तोपर्यंत घाई नाही. ‘लाइफ इन द यूके’ परीक्षेचीही भीती नको: 24 प्रश्न, 45 मिनिटं, 18 बरोबर आले की पास. त्यात आठव्या हेन्रीच्या बायका विचारतात. तुम्ही शेजाऱ्याशी कसे वागता ते विचारत नाहीत.

ते नाटक: पाठवा. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत मेंढपाळ म्हणजे अंगात ड्रेसिंग गाऊन, डोक्याला स्वयंपाकघरातला टी-टॉवेल आणि हातात खेळण्यातलं कोकरू. आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी मुलांनी हे काम केलंय, धर्म कुणाचाच बदलला नाही. तत्त्वाचाच प्रश्न असेल तर तुमचा हक्कही सांगते. 1988 च्या कायद्यानं सरकारी शाळांत रोजची सामूहिक उपासना ‘मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची’ ठरवली आहे, बऱ्याच शाळा ती नावापुरती पाळतात, आणि पालकांना त्यातून व धर्मशिक्षणाच्या तासातून मूल काढून घेता येतं. मी सहसा तसा सल्ला देत नाही. धर्मशिक्षणाच्या तासाला हिंदू, मुस्लिम, शीख, ज्यू सगळेच धर्म येतात, आणि त्यातून बाहेर बसलेलं मूल वाचनालयाच्या कोपऱ्यात एकटं पडतं.

नोव्हेंबरमध्ये युद्धात पडलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी छातीवर पॉपीचं लाल फूल लावायची वेळ येईल, तेव्हा मात्र एक गोष्ट घरून सांगून पाठवा. यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातला पोरसवदा नाईक, मराठा लाइट इन्फन्ट्री. जुलै 1944 मध्ये इटलीत मशिनगनच्या ठाण्यावर एकटा चालून गेला आणि तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. पुढच्या वर्षी, 1945 मध्ये, त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनाही इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे त्या वर्गात बहुधा कुणालाच ठाऊक नसेल, शिक्षकांनाही नसेल. लेकीला सांगू द्या. आपल्यावर राज्य करणाऱ्या परक्या देशाच्या झेंड्याखाली माणूस का लढतो, हा अवघड प्रश्न त्यातून निघेल. निघू दे, इयर फाइव्हची मुलं तो झेपवतात.

शेवटी तुमच्यासाठी एक काम, कारण प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलातला म्हणून, मतदानाचा हक्क आहे: कौन्सिलच्या निवडणुकीत आणि पार्लमेंटच्याही. वर्षानुवर्षं राहणारे आपले लोक हे न जाणता बसतात आणि ‘यांची लोकशाही’ म्हणून नावं ठेवतात. ऑनलाइन नोंदणीला पाच-दहा मिनिटं लागतात, मतदान केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. यादीत नाव आलं आणि इथे पाच वर्षं झाली की ज्यूरीत बसायचं बोलावणंही येऊ शकतं. शाळेच्या मंडळावर पालकांचा प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या पेरेंट गव्हर्नरची निवडणूक असते तिला तर नागरिकत्वाची अटच नाही. गणवेश, सुट्ट्या, जेवणात काय, असेंब्लीत काय, यातलं बरंच त्या टेबलावर ठरतं. बैठका संध्याकाळी असतात, कागद पुष्कळ वाचावे लागतात आणि चहा बेचव असतो. बऱ्याच शाळांना उमेदवार मिळत नाहीत, त्यामुळे ऑफिसात जाऊन जागा कधी रिकामी होतेय ते विचारलंत तर फॉर्म बहुधा लगेच हातात देतील.